नवख्याला कोरा ग्लास

गल्लीत बोललं जायचं ते असं: कोपऱ्यावरच्या वाइनच्या दुकानातली बाई सकाळी अकराला सुरू करते. अकराला पहिला ग्लास, सव्वाअकराला दुसरा, आणि दुपारच्या जेवणापर्यंत निदान सहा. तरी पावलं सरळ पडतात, म्हणजे किती मुरलेली असेल ते तुम्हीच ओळखा. ही बातमी समोरच्या शिंपीकाकूची. शिंपीकाकूच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या असायच्या आणि बोलताना त्यातली एकही पडलेली कोणी पाहिली नव्हती. साहजिकच ओठ मिटून म्हणायची अक्षरं तिच्या बोलण्यात यायचीच नाहीत. 'ती बाई पिते' हे वाक्य तिच्या तोंडून 'ती आई इते' असं बाहेर पडायचं. गल्लीला कळायचं तेवढं बरोबर कळायचं. बाईचं नाव पडलं घोटबाई.

आता खरं काय ते. वाइनच्या दुकानाच्या काचेवर, खालच्या अर्ध्या भागात, किमतींचे कागद चिकटवलेले होते. समोर शिवणयंत्रावर बसलेल्या काकूला त्यामुळे घोटबाई फक्त खांद्यापासून वर दिसायची. ग्लास वर गेला, कलला, गाल फुगले, डोळे मिटले, आणि मान खाली गेली. इथवर काकूनं पाहिलेलं सगळं खरं. मान खाली गेल्यावर काउंटरच्या मागे काय व्हायचं ते मात्र तिला दिसत नव्हतं. तिथे स्टीलचं एक तस्त ठेवलेलं होतं, आणि तोंडातला थेंब न् थेंब त्या तस्तात जायचा. एकवीस वर्षं रोज अकरा वाजता घोटबाईनं वाइन तोंडात घेतली आणि रोज थुंकून टाकली. "गिळलं की जीभ झोपते," ती म्हणायची. "मला ती जागी लागते. पगार तिचा आहे."

गिळण्याचा एकच प्रसंग तिनं स्वतःला ठेवला होता. तो पुढे येईल.

घरी ती आत्या. भाऊ, वहिनी आणि त्यांची पंधरा वर्षांची मुलगी यांच्याबरोबर राहायची. ही भाची म्हणजेच हे लिहिणारी. तिच्याबद्दल इतकंच सांगायला हवं की तिला नकला करायची खोड होती, आणि घरात हाताशी सगळ्यात चांगला माल आत्याचा होता.

आत्या दुकानात लागली ती बाटल्यांवरची धूळ पुसायला. तिसऱ्याच आठवड्यात आताच्या मालकांचे वडील कोणा बड्या पाहुण्यांना परदेशी बाटली पाजत होते. पाहुणे डोळे मिटून, मान डोलावून कौतुक करत होते. शिडीवर फडकं घेऊन उभी असलेली आत्या वरून म्हणाली, "ओल्या कुत्र्याचा वास कुठून येतोय?" एक पाहुणे समजावणीच्या सुरात म्हणाले, बाई, तो मातीचा वास असतो, जाणकारांना आवडतो. आत्या म्हणाली, "असेल. पण ह्या मातीला शेपूट आहे." मालकांच्या वडिलांनी बूच हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि बाटली मोरीत ओतली. बूच कुजलं की आतली वाइन बिघडते हे पाहुण्यांनाही माहीत होतं. फक्त नाकाला ते कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आत्या शिडीवरून खाली आली ती कायमची.

तेव्हापासून दुकानात जे जे आलं ते आधी तिच्या नाकाखालून गेलं. पण तिचा खरा जीव अडकलेला होता तो मधल्या फळीत. त्या फळीवर फक्त आपल्या भागातल्या वाइन असायच्या, आसपासच्या टेकड्यांवरच्या छोट्या बागांमधल्या, ज्यांचं नाव गावाबाहेर कोणाला ठाऊक नाही. दर हंगामात ती बसने त्या बागांमध्ये जायची. मूठभर माती चुरून हुंगायची, द्राक्ष तोंडात टाकून गर गिळायची आणि बी दाताखाली फोडायची. बी कडकड वाजली तर फळ पिकलं. चामट लागली तर बागवाल्याला सांगायची, आणखी आठ दिवस धीर धरा. बागवाले तिचं ऐकायचे. एकानं तर तिच्यापुढे स्वतःच्या सुनेचं गाऱ्हाणंही मांडलं होतं, हिला तेही वासावरून कळेल अशा भरवशाने.

आणि तिच्या चिठ्ठ्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात ती हाताने लिहिलेली चिठ्ठी बांधायची. वाइनवर लिहिणारे लोक काय काय फळांची यादी देतात. ही तसलं काही लिहायची नाही. एका पांढऱ्या वाइनवर होतं, 'दारात गोड, बसल्यावर कंटाळा. काही जावई असतात तशी.' एका लालवर, 'उशिरा बोलायला लागते. अर्धा तास वाट बघा, मग थांबत नाही.' सगळ्यात स्वस्त बाटलीवर लिहिलं होतं, 'स्वस्त आहे आणि ते लपवत नाही.' ती बाटली सगळ्यात जास्त खपायची. लोक आधी चिठ्ठ्या वाचत फिरायचे, हसायचे, मग हसल्याची भरपाई म्हणून एखादी बाटली घ्यायचे.

दोष म्हणावा असा एकच होता. आत्याला एक वाक्य फार आवडायचं: "माझं नाक चुकत नाही." हे ती छाती काढून म्हणायची नाही, बाहेर ऊन आहे असं सांगावं तितक्या सहज म्हणायची, आणि म्हणताना नाकाच्या शेंड्यावर तर्जनी दोनदा टेकवायची. टक, टक. भाचीच्या हातात हे सोनं पडलं. एका गुरुवारी रात्रीच्या जेवणाला तिनं आत्याची नक्कल केली: मीठ कमी आहे हे आमटीला हात न लावता ओळखलं, बाबांचे मोजे कोणत्या खोलीत आहेत ते सांगितलं, शेवटी शेजाऱ्यांची सून नाराज असल्याचं हुंगून काढलं, आणि प्रत्येक वेळी टक, टक. वहिनीला ठसका लागला. भाऊ पाणी पिता पिता थांबला. आत्याही हसली, पण म्हणाली की हात थोडा खाली आला, शेंडा जरा वर आहे.

भाची म्हणाली, "आत्या, 'माझं चुकलं' हे तुझ्या तोंडून कधी येणारच नाही. जमतच नाही तुला. नक्कल करायला गेले तर माझ्याकडे तुझा तो आवाजच नाही."

"लाव पैज," आत्या म्हणाली.

पैज लागली. वर्षभरात आत्यानं चार लोकांत 'माझं चुकलं' म्हटलं तर भाची महिनाभर कोणाचीही नक्कल करणार नाही; वर आत्या एकदा भाचीची नक्कल करणार आणि भाचीनं ती गप्प बसून ऐकायची. भाची इतकी निर्धास्त होती की तिनं दोन महिने कबूल केले.

शुक्रवारी दुकानात सुतार नवं कपाट लावून गेला. हे कपाट आत्यानं तीन वर्षं मागून मिळवलेलं. दुकानात चोवीस ग्लास होते. बारा जाड, रोजच्या वापरातले, मांडणीवर उघडे. बारा पातळ काचेचे, नाजूक, धूळ बसली की लगेच दिसणारे. ते आत्यानं नव्या कपाटात ठेवले. पालथे, रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. दारं लावली. दुकानभर पॉलिशचा वास होता म्हणून खिडक्या उघड्या टाकल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिला तो वास येईनासा झाला.

त्या बारा पातळ ग्लासांची एक रीत होती, आणि ती आत्यानंच पाडलेली. दर शनिवारी पाच वाजता दुकानात वाइन चाखायला लोक जमायचे. मधल्या फळीवर पाचच जागा. महिन्यातून एकदा कोणी नवा बागवाला सहावी वाइन घेऊन यायचा आणि जागा मागायचा. बाटल्या झाकलेल्या असायच्या: भावाच्या जुन्या पँटचे पाय कापून वहिनीनं त्यांचे झबले शिवले होते आणि प्रत्येकावर आकडा टाचला होता. टेबलावर भावाचे सहा पाय उभे आहेत असं दिसायचं. चाखणाऱ्याच्या हातात एक बूच. आवडलेल्या आकड्यापुढच्या बरणीत ते टाकायचं. जिच्या बरणीत एकही बूच नाही ती वाइन फळीवरून खाली. पहिल्या पाच वाइन जाड ग्लासात, तोच ग्लास विसळून विसळून. पण नवख्याला कोरा ग्लास. घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला आपण कपाटातलं ताट काढतो, तसं. आत्याला ही रीत फार प्रिय होती.

त्या शनिवारी सहावी वाइन होती पोस्टमनची. म्हणजे निवृत्त पोस्टमन. सासऱ्यांची बाग अंगावर पडली म्हणून पन्नाशीनंतर बागवाला झालेला. सगळी मिळून तीनशे बाटल्या. माणूस इतकं कमी बोलायचा की जणू शब्दामागे टपालाचं तिकीट लावावं लागतं. तो बसने आला, मांडीवर खोका धरून. मालकांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की खिशात कागद आहे, रसाच्या कारखान्याचा. इथे जागा मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर सोमवारी सही करणार, यापुढे द्राक्षं कारखान्याला, पिंपं विकून टाकणार. पुन्हा दुसरीकडे हसं करून घ्यायचं वय आता राहिलेलं नाही.

मालक म्हणाले, तसं काही नसतं, चांगलं असेल तर लोक घेतातच, असं आपलं माझं म्हणणं, बाकी तुमची मर्जी. मालकांचं प्रत्येक वाक्य तिथेच येऊन बसायचं. दुकानाला आग लागली असती तरी ते म्हणाले असते, बाहेर पडावं असं आपलं माझं म्हणणं.

अकरा लोक जमले. दाराजवळच्या स्टुलावर भाची, कारण घराची किल्ली आत्याच्या पर्समध्ये होती. तिला चाखायची परवानगी नव्हती. ती फक्त माणसं चाखायची. नेहमीप्रमाणे निवृत्त हेडमास्तर टेबलाच्या टोकाला. त्यांना प्रत्येक वाइनमध्ये चेरी सापडायची. "लक्षात घ्या," ते पहिल्या घोटाला म्हणाले, "इथे चेरी आहे." दुसऱ्याला म्हणाले, इथेही आहे, पण मागच्या बाकावर बसलेली. तिसऱ्याला चेरी गैरहजर निघाली आणि ते अस्वस्थ झाले. आत्या फिरत होती, ओतत होती, सांगत होती की ही नदीकाठची, हिचे पाय ओले. ही उतारावरची, उन्हात वाढली म्हणून जरा तोंडाळ. लोक हसत होते. पाच वाइन छान पार पडल्या.

मग तिनं नवं कपाट उघडलं, पहिला पातळ ग्लास काढला, कोरड्या फडक्यानं पुसला आणि सहाव्या पायातली बाटली तिरकी केली. रीत अशी की नवखी वाइन आधी आत्या हुंगणार. वाइन बिघडलेली नाही ना, एवढंच बघायला. पोस्टमन दोन्ही हातांत टोपी धरून उभा होता.

आत्यानं ग्लास नाकाशी नेला आणि तिथेच धरला. बंद ट्रंकेचा वास. वर्षानुवर्षं न उघडलेल्या, कोंदट. तिनं घोट घेतला, तस्तात टाकला. चवीतही तेच. "बूच कुजलंय," ती म्हणाली, "दुसरी उघडते, काही काळजी नको." दुसरी बाटली, दुसरा कोरा ग्लास. तोच वास. तिसरी बाटली, तिसरा कोरा ग्लास. मग तिनं तिन्ही ग्लास टेबलावर फिरवले. हेडमास्तरांनी हुंगलं आणि चेरीचं नाव काढलं नाही. बाकीच्यांनी नाकं मुरडली; एकानं ग्लास इतक्या हळू खाली ठेवला की ते मुरडण्याहून वाईट होतं.

"तीन बुचं एकदम बिघडत नाहीत," आत्या म्हणाली. "हे पिंपातलंच आहे."

पोस्टमन म्हणाला, "मी रोज चाखतो, ताई. घरी असा वास कधी आला नाही."

आणि आत्या बोलून गेली, "स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही, दादा." वर तर्जनी नाकाच्या शेंड्याकडे निघालीच होती, तिची तिलाच लाज वाटून ती परत फिरली.

पोस्टमननं वाद घातला नाही. उघडलेल्या तीन बाटल्यांना बुचं बसवली, त्याही खोक्यात ठेवल्या, सगळ्यांना मान लववली आणि गेला. बस अर्ध्या तासानं होती. मालक म्हणाले की वाईट वाटतं, पण फळीवर पाचच राहू देत असं आपलं माझं म्हणणं. 'बाकी तुमची मर्जी' एवढंही या वेळी म्हणाले नाहीत.

आत्याच्या तोंडात ती ट्रंक अजून होती. चूळ भरायला तिनं हाताला आला तो ग्लास घेतला. कपाटातून काढून ठेवलेला चौथा, न वापरलेला. सुरईतलं पाणी ओतलं, तोंडाशी नेलं.

पाण्याला ट्रंकेचा वास येत होता.

ती थांबली. पाणी ओतून दिलं, मांडणीवरचा जाड ग्लास घेतला, त्याच सुरईतलं पाणी त्यात घेतलं. काही नाही. नुसतं पाणी. चूळ भरून ती कपाटाशी गेली, दार उघडलं आणि डोकं आत घातलं. आत तोच ट्रंकेचा वास: पॉलिश, सरस आणि ताज्या फळ्या, आणि त्यात आठ ग्लास तोंड खाली करून रात्रभर तोच श्वास घेत उभे. ती डोकं आत घालून जरा जास्तच वेळ उभी राहिली. बाहेर यायचं म्हणजे सगळ्यांकडे बघायचं.

नंतर तिनं वहिनीला सांगितलं की त्या कपाटात तिच्या मनात काय काय आलं. कोणाला कळलेलं नाही. पोस्टमन गेला. सोमवारी तो सही करील, द्राक्षांना भाव तर मिळेल, त्याचं काही फार बिघडणार नाही. सोमवारीच कपाट बदलता येईल, गुपचूप. एकवीस वर्षं लोक ह्या नाकावर भरवसा ठेवून बाटल्या नेतात. एका शनिवारी ते नाक स्वतःच्या कपाटाला फसलं हे सांगितलं तर उद्या कोणती चिठ्ठी कोण खरी मानेल? आणि सगळ्याच्या खाली ते वाक्य. घराचा वास. शुक्रवारी संध्याकाळी तिलाच पॉलिशचा वास यायचा थांबला होता, आणि शनिवारी तिनं ते त्या माणसाच्या तोंडावर मारलं होतं.

तिनं डोकं बाहेर काढलं. "कोणी जाऊ नका," ती म्हणाली. "त्याची वाइन चांगली असेल. ग्लास घाण होते. मी ठेवले होते." आणि एप्रन न सोडता ती दाराबाहेर पडली आणि धावली.

गल्लीनं घोटबाईला धावताना प्रथमच पाहिलं. शिंपीकाकू उंबऱ्यावर आली, निष्कर्षही लगेच निघाला: "आज जास्त झाली." पण 'आज' आणि 'जास्त' यात ओठ मिटावे लागत नाहीत, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांना ते स्वच्छ ऐकू गेलं. काकू मागोमाग निघाली. भाची निघाली. हेडमास्तरही निघाले, बूच मुठीत धरून.

बस थांब्यावर दहा-बारा माणसं रांगेत होती आणि पोस्टमन शेवटी, खोका पायाशी. आत्या त्याच्यासमोर उभी राहिली. दम लागला होता, पण तिनं दम खाली बसायची वाट पाहिली नाही.

"दादा, माझं चुकलं," ती म्हणाली. "वाइन बिघडलेली नव्हती. माझे ग्लास बिघडलेले होते. नव्या कपाटात मी ते पालथे ठेवले आणि तोच वास तुमच्या नावावर टाकला. वरून घराचं जे बोलले, तेही चुकलं."

रांगेतल्या एका माणसानं टोपी काढून पुन्हा घातली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पोस्टमन म्हणाला, "आता राहू द्या, ताई. लोकांनी नाकं मुरडलेली पाहिली मी. दुसऱ्यांदा नको." बस वळणावर दिसली. तो खोका उचलायला वाकला.

आत्या खोक्यावर बसली.

बस आली, दार उघडलं, रांग आत गेली. ड्रायव्हरनं विचारलं, येताय ना? पोस्टमन म्हणाला, खोका आहे. ड्रायव्हरनं खोक्याकडे पाहिलं, खोक्यावरच्या एप्रनवालीकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "तुम्ही जा. यांना पुढची आहे." एवढ्यात शिंपीकाकू पोचली, आणि आत्याच्या तोंडाच्या अगदी जवळ जाऊन तिनं श्वास घेतला, चोरून घेतल्यासारखा. काकूचा चेहरा पडला. वास कसलाच नव्हता. काकूनं ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या, जे तिनं बहुधा कोणाच्या मयताला केलं असेल, आणि स्पष्ट म्हणाली, "ही प्यायलेली नाही."

बस गेली. पोस्टमन म्हणाला, "उठा आता. बाटल्या फुटतील." त्याच्या मिशीत काहीतरी हललं होतं.

ते परत आले तेव्हा दुकानात बाकीचे सगळे तिथेच होते. कुठे जाणार, बुचं हातात होती. आत्यानं जाड ग्लास आधी त्याच वाइनच्या थेंबानं विसळले, मग ओतलं. हेडमास्तरांनी पहिला घोट घेतला, ग्लास उजेडात धरून पाहिला, पुन्हा एक घोट घेतला. मग म्हणाले, लक्षात घ्या, इथे चेरी नाही, आणि तिची गरजही नाही. त्यांच्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे की यापेक्षा मोठी स्तुती त्यांच्याकडे शिल्लक नाही. सहाव्या बरणीत बुचं पडायला लागली. एक, दोन, मग जरा थांबून तिसरं, चौथं. गोड पांढऱ्या जावयाच्या बरणीत एकही नव्हतं. ती मालकांची आवडती. मालक तिच्या रिकाम्या बरणीकडे बघत म्हणाले, हरकत नाही, आणि आयुष्यात प्रथमच वाक्य तिथेच संपवलं.

बारावं बूच आत्याचं. ती नेहमी शेवटी टाकायची. आणि जिला ती आपलं बूच द्यायची त्या वाइनचा एक घोट गिळायची. तोच तिनं स्वतःला ठेवलेला प्रसंग, एका शनिवारी एक घोट. तिनं सहाव्या बरणीत बूच टाकलं, ग्लास वर नेला, गाल फुगले, डोळे मिटले. तस्त काउंटरच्या मागे तसंच राहिलं. शिंपीकाकू आज आत, टेबलाजवळच उभी होती, आणि तिनं गळ्याची हालचाल खालपर्यंत पाहिली.

"काय लागतं?" पोस्टमननं विचारलं. एवढा मोठा प्रश्न त्यानं आधी कधी विचारला नसेल.

"पत्र लागतं," आत्या म्हणाली. "उशिरा आलेलं. पण आपल्यालाच आलेलं."

मग तिनं चिठ्ठी लिहिली आणि सगळ्यांदेखत त्या बाटलीच्या गळ्यात बांधली. 'हिच्याबद्दल मी एकदा वाईट बोलले होते. तुम्ही आधी चाखा, मग बोला.' पोस्टमननं ती चष्मा लावून दोनदा वाचली. मग खिशातला कारखान्याचा कागद काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूला मालकांना विचारून लिहून घेतलं, किती बाटल्या, कोणत्या वारी. कपाटाचं दार आत्यानं उघडंच ठेवलं, पातळ ग्लास धुऊन मांडणीवर, उभे, आकाशाकडे तोंड करून.

भाचीनं घरी जाताना एकदा तरी म्हणून बघितलं: बस थांब्यावरचं धरायचं नाही, तिथे तू पैजेसाठीच म्हणालीस. आत्या म्हणाली की तिला पैज आठवली ती परत येताना, वाण्याच्या दुकानापाशी, आणि तेव्हा तिला फार बरं वाटलं. ह्यावर विश्वास ठेवावा लागतो. वाण्याच्या दुकानापाशी ती एकटीच हसली होती, हे भाचीनं पाहिलं होतं.

रविवारी सकाळी वसुली झाली. वहिनी ओट्याशी, भाऊ मोरीत दार लोटून दाढी करत, आणि भाची खुर्चीत हाताची घडी घालून, ठरल्याप्रमाणे गप्प. आत्या उभी राहिली. आधी एक पाय दुसऱ्या पायावर घासला, जे भाची करते हे भाचीला माहीत नव्हतं. मग केस कानामागे सारून, वाक्याच्या सुरुवातीलाच घाई करत, "अगं म्हणजे ना, खरं सांगू का, राग नको येऊ देऊस हं, पण आत्या कशी करते माहितीये?" आणि लगेच, भाचीच्याच आवाजात, भाची जशी आत्याची नक्कल करते तशी स्वतःची नक्कल: हुंगणं, आमटी, मोजे, शेजारची सून, आणि नाकाच्या शेंड्याच्या जरा खाली, चुकीच्या जागी, टक, टक. वहिनीच्या हातातला चमचा डब्यात पडला. भाचीला हसायची परवानगी नव्हती आणि ते फार जड गेलं.

मोरीतून, फेसाने भरलेल्या तोंडातून, भाऊ ओरडला, "पुरे गं आता. जरा लाज बाळग. सकाळी सकाळी आत्याला कशाला छळतेस?"

आत्यानं भाचीकडे पाहिलं, केस कानामागे सारले, आणि भाचीच्या आवाजात म्हणाली, "हो बाबा."